म्हैस उडाली की थांबली? लहान मुलांची अतिचंचलता वेळेत ओळखण्याबद्दल

चार-पाच मुलं गोल बसतात. प्रत्येकाचं एक बोट जमिनीला टेकलेलं. मोठं माणूस म्हणतं, "चिमणी उड!" बोटं वर. "कावळा उड!" पुन्हा वर. "पोपट उड!" वर. आणि मग त्याच चालीत, तोच आवाज ठेवून, "म्हैस उड!"

सहा-सात वर्षांच्या मुलांची बोटं इथे थरथरतात, अर्धवट उचलून खाली येतात, एखाद-दुसरं फसतं आणि हशा पिकतो. हाच खेळ तीन वर्षांच्या मुलांशी खेळून पाहा. त्यांच्याकडे म्हैस उडते, हत्ती उडतो, टेबल उडतं, आजीसुद्धा उडते. म्हैस उडत नाही हे त्यांना ठाऊक असतं, विचारलंत तर ठणकावून सांगतील. पण बोट आधी उडतं आणि म्हैस नंतर आठवते.

हा खेळ इथे आणण्याचं कारण म्हणजे हल्ली प्रत्येक पालकांच्या ग्रुपवर फिरणारा एक प्रश्न. कुणीतरी अर्ध्या मिनिटाचं रील टाकतं, 'तुमच्या मुलात ही पाच लक्षणं आहेत का?' आणि साडेतीन वर्षांच्या मुलाची आई रात्री अकराला लिहिते, "आमचा एका जागी बूड टेकत नाही. एडीएचडी तर नसेल ना?" त्याखाली तीन प्रकारची उत्तरं येतात. मुलगे असेच असतात, मोठा झाला की सुटेल. मोबाइल बंद करा. लगेच टेस्ट करून घ्या. तिन्ही उत्तरांत थोडं तथ्य आहे, आणि तिन्हींवर विसंबलं तर घोटाळा होतो.

नाव एकदाच समजून घेऊ

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. मराठीत त्याला अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता म्हणतात. यात तीन धागे असतात: लक्ष टिकत नाही, अंग स्वस्थ बसत नाही, आणि मनात आलं की लगेच कृती घडते. हा तिसरा धागा म्हणजे उतावळेपणा, आपली उडालेली म्हैस. काही मुलांत तिन्ही धागे असतात, काहींत एखादाच ठळक. शाळकरी मुलांत शंभरातल्या साधारण पाचांना हा त्रास असतो.

नावातल्या 'न्यूनता' या शब्दाने गैरसमज होतो. "अहो, टीव्हीसमोर दोन तास हलत नाही, मग लक्ष नाही कसं म्हणता?" हा आजोबांचा हमखास प्रश्न. कार्टूनमध्ये दर दोन-चार सेकंदांनी चित्र बदलतं, आवाज बदलतो; तिथे मुलाला लक्ष द्यावं लागत नाही, ते खेचून घेतलं जातं. खरा कस लागतो तो कंटाळवाण्या जागी: चपला घालताना, रांगेत उभं राहताना, वरणभाताचा शेवटचा घास संपवताना. लक्ष असतं, पण त्याची दोरी स्वतःच्या हातात नसते.

ही दोरी हातात येणं हे मेंदूच्या वाढीचं काम आहे. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी साधारण साडेचारशे मुलांच्या मेंदूंची छायाचित्रं तपासली; त्यांतल्या निम्म्या मुलांना एडीएचडी होता. मेंदूचा बाहेरचा थर लहानपणी जाडावत जातो आणि मग हळूहळू पातळ होतो. इतर मुलांत ही जास्तीत जास्त जाडी सरासरी साडेसाताव्या वर्षी आली, एडीएचडी असलेल्यांत साडेदहाव्या. क्रम तोच, फक्त गाडी उशिरा. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात दिसला, आणि 'थांब, जरा विचार कर' हे सांगण्याचं काम मुख्यत्वे तिथलंच. पण हे सरासरीचे आकडे आहेत. एकट्या मुलाचा एमआरआय काढून हा त्रास आहे की नाही हे सांगता येत नाही. कुणी सांगत असेल तर तिथून उठून यावं.

तीन वर्षांचं मूल आणि डिसेंबरचा घोळ

अडचण आता लक्षात आली असेल. तीन वर्षांच्या सगळ्याच मुलांची म्हैस उडते. मग आपल्या मुलाची उडते ती वयाने की त्रासाने?

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तिकेतली जी यादी डॉक्टर निदानासाठी वापरतात, तीत लक्ष टिकण्याबद्दल नऊ आणि चंचलता-उतावळेपणाबद्दल नऊ लक्षणं आहेत. दोन्हींपैकी एका गटातली निदान सहा, निदान सहा महिने, एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत, आणि सुरुवात बाराव्या वर्षाच्या आत झालेली हवी. ही यादी लिहिताना डोळ्यांपुढे शाळकरी मूल होतं, हे वाचताक्षणी कळतं. गृहपाठात निष्काळजी चुका होतात, वस्तू हरवतात, रोजची कामं विसरतात. साडेतीन वर्षांच्या बाळाने कुठली कामं विसरायची? चार वर्षांच्या आत ही लक्षणं नेहमीच्या बाळलीलांपासून वेगळी काढणं कठीण आहे, असं त्या पुस्तिकेतच नमूद आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये तपासणीचं किमान वय सहावरून चारवर आणलं, त्याखाली आणलं नाही. आपल्याकडे भारतीय मुलांसाठी तयार झालेली इन्क्लेन या संशोधन-संस्थेची निदान-प्रश्नावली तर सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आहे.

त्यात शाळेत घालण्याच्या तारखेचा घोळ. महाराष्ट्रात नर्सरी प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण होणारं मूल चालतं. सरकारी भाषेत हा मानीव दिनांक. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं बाळ जूनमध्ये वर्गात बसतं तेव्हा अडीच वर्षांचं असतं आणि शेजारचं जानेवारीतलं मूल जवळजवळ साडेतीनचं. मोठ्यांत अकरा महिने म्हणजे काहीच नाही. इथे ते आयुष्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहेत. एक गोष्ट संपेपर्यंत मांडी घालून बसतं, दुसरं ताईंच्या कपाटावर चढतं, आणि पालकसभेत दोघांची तुलना होते.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रवेशाची सीमारेषा हीच, ३१ डिसेंबर. तिथल्या सहा ते बारा वर्षांच्या मुलांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा एडीएचडीचं निदान मिळण्याची शक्यता ३० टक्क्यांनी जास्त होती, मुलींमध्ये ७० टक्क्यांनी. जन्माच्या महिन्याने मेंदूचा विकार ठरत नाही. वर्गातलं सर्वांत लहान मूल 'लहान' म्हणून न दिसता 'बिघडलेलं' म्हणून दिसलं, एवढंच. म्हणून शाळेतून तक्रार आली की पहिला प्रश्न विचारायचा: वर्गात हा वयाने कितवा?

मग पाहायचं काय?

वळवळ मोजून काही निष्पन्न होत नाही. त्या वळवळीची मुलाला आणि घराला किती किंमत मोजावी लागते, ते पाहायचं.

घसरगुंडीवर सगळीच मुलं घुसाघुशी करतात. पण एखाद्याला आपली पाळी कधीच गाठता येत नाही; प्रत्येक वेळी धक्का, प्रत्येक वेळी रडारड, आणि महिन्याभरात बाकीची मुलं त्याला पाहून दुसरीकडे जातात. रस्त्यावर हात सोडून पळणं बहुतेकांचं एकदा होतं आणि आईच्या किंचाळीने थांबतं. एखाद्याचं दहाव्यांदाही तसंच होतं. भाजलं, पडलं, टाके पडले, आणि पुन्हा त्याच कट्ट्यावरून उडी. आई लग्नाला जायचं टाळते, बहिणीकडे राहायला जायचं टाळते. दोन बालवाड्यांनी 'पुढच्या वर्षी आणा' म्हणून परत पाठवलेलं असतं. मूल चार वर्षांचं आणि त्याच्या कानांवर सर्वांत जास्त वेळा पडलेला शब्द 'नको'. ही किंमत.

दुसरं, ठिकाण. घरी उच्छाद आणि बालवाडीत शहाणं, किंवा उलट, असं असेल तर गोष्ट बहुधा त्या ठिकाणची आहे. दोन्हीकडे, शिवाय आजोळीही आणि मंगल कार्यालयातही तेच दिसत असेल तर कान टवकारावेत. तिसरं, मुदत. धाकट्याच्या जन्मानंतर, घर बदलल्यावर, आजोबा गेल्यावर दोन-तीन महिने मूल सैरभैर होतं, ते साहजिक आहे. सहा महिन्यांनंतरही ओहोटी नसेल तर दाखवावं.

ताईंना विचारतानाही "त्रास देतो का हो?" असं विचारू नका. त्या बिचाऱ्या भिडेखातर 'नाही' म्हणतील किंवा वैतागून 'फार' म्हणतील, आणि दोन्हींचा उपयोग शून्य. "गोष्टीच्या वेळी बाकीची मुलं किती मिनिटं बसतात, आणि हा किती?" असं विचारा.

आता एका मुलीबद्दल, जिच्याविषयी कुणीच तक्रार करत नाही. ती पळत नाही, ढकलत नाही. खिडकीशी बसते, हाक मारली की तिसऱ्या हाकेला वळते, एक चप्पल घालून दुसरी विसरते. घरात म्हणतात, गुणी आहे, आपल्याच तंद्रीत असते. फक्त लक्षाचा धागा कच्चा असलेली मुलं, आणि त्यांत मुली अधिक, अशी हातची सुटतात. बालवाडीत त्यांच्याकडून फारसं काही मागितलं जात नाही, म्हणून अडतही नाही. दुसरी-तिसरीत फळ्यावरचं उतरवताना अडतं, आणि तेव्हा तिला 'आळशी' हे नाव मिळालेलं असतं.

दारावर आलेले बहुरूपी

पूर्वी गावात बहुरूपी यायचा. खाकी कपडे, हातात काठी, आणि दारात उभा राहून दरडावायचा. क्षणभर खरा पोलीसच वाटायचा. एडीएचडीचं सोंग घेणारेही बरेच आहेत आणि तीन ते सहा या वयात त्यांची वर्दळ सर्वांत जास्त. मला विचाराल तर लवकर दाखवण्याचं सर्वांत मोठं कारण हेच, कारण यांतले बरेचसे बरे होणारे असतात.

पहिली झोप. झोप अपुरी झालेला मोठा माणूस पेंगतो. लहान मूल उधळतं. लग्नघरात रात्री अकराला मांडवभर पळणारी पोरं आठवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी. शहरातल्या घरात बाबा साडेनऊला येतात, जेवणं दहाला, मूल झोपतं साडेअकराला आणि शाळेची व्हॅन सकाळी साडेसातला. हिशेब तुम्हीच करा. त्यातच मूल घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, तर नाकामागच्या गाठी, म्हणजे ॲडेनॉइड, वाढलेल्या असू शकतात. श्वास अडकत राहतो, झोप तुटत राहते, आणि दिवसा ते मूल हुबेहूब अतिचंचल दिसतं.

दुसरा कान. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत पडद्यामागे चिकट पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं, कधी जास्त कधी कमी. मूल 'ऐकत नाही' ते अक्षरशः. श्रवणतपासणी सोपी आहे, दुखत नाही, आणि तरी ती सर्वांत शेवटी सुचते.

तिसरं रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी निघाली. दहांतली सात. लोह कमी पडलं की चिडचिड वाढते, लक्ष विस्कटतं, रात्री पाय वळवळतात. दुकानातून टॉनिकची बाटली आणून सुरू करू नका. आधी तपासणी, मग डॉक्टर सांगतील तेवढंच.

उशिरा बोलणारं मूलही ढकलतं, चावतं, ओरबाडतं, कारण 'माझी गाडी दे' म्हणायला शब्द नसतात. स्वमग्नतेतही चंचलता दिसते. काही मुलांना क्षणभर टक लागणारे फिट येतात आणि ते दुर्लक्षासारखे वाटतात. घरात रोजची भांडणं असतील तर मूल सतत सावध राहतं, आणि ते सावधपण बाहेरून अस्वस्थपणासारखंच दिसतं. शेवटच्या बहुरूप्याला ओळखायला रक्ततपासणी नाही. तिथे घरच्यांनाच खरं बोलावं लागतं.

"आमच्या वेळी नव्हतं हे असलं काही"

होतं. १९०२ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा ४३ मुलांचं वर्णन आपल्या व्याख्यानांत केलं होतं. तेव्हा टीव्हीही नव्हता. आपल्याकडेही 'पायाला भिंगरी', 'अंगात वारं शिरलंय', वांड, द्वाड, धांदरट हे शब्द काही इंग्रजीतून आलेले नाहीत.

आजी जेव्हा म्हणते, "याचा बापही अस्साच होता," तेव्हा तिला वाटतं की तिने विषय संपवला. डॉक्टरसाठी मात्र तिथे विषय सुरू होतो. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून दिसतं की मुलामुलांतला या बाबतीतला फरक ७० ते ८० टक्के अनुवंशाने ठरतो, जवळजवळ उंचीइतका. म्हणून तपासणीत आईवडिलांच्या बालपणाबद्दल विचारतात. तो दोषारोप नसतो. उलट, लाड केल्यामुळे किंवा आई नोकरी करते म्हणून हे झालं, या आरोपाला ते चांगलं उत्तर आहे.

साखरेवरचा संशय तर जगभर आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत एक गमतीदार प्रयोग झाला. पाच ते सात वर्षांच्या मुलग्यांना बिनसाखरेचं गोड पेय दिलं. निम्म्या आयांना खरं सांगितलं, निम्म्यांना सांगितलं की भरपूर साखर दिलीय. मग आई आणि मुलगा खेळताना त्यांचं निरीक्षण केलं. 'साखर दिलीय' असं ऐकलेल्या आयांना मुलगा जास्त चंचल वाटला, आणि त्या त्याच्यावर जास्त लक्ष ठेवू लागल्या, जास्त टोकू लागल्या. पेढा दातांसाठी वाईट, पण या गुन्ह्यात निर्दोष. खाण्याच्या कृत्रिम रंगांचं प्रकरण किंचित वेगळं आहे: २००७ च्या एका ब्रिटिश अभ्यासात तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांत काही रंगांच्या मिश्रणाने चंचलता थोडी वाढली. थोडीच. पण पिवळेजर्द वेफर्स टाळल्याने कुणाचं काही बिघडणारही नाही.

आणि मोबाइल? जास्त स्क्रीन आणि कमी लक्ष यांचं नातं अनेक अभ्यासांत दिसतं, पण कोण कुणामुळे हे सुटं करणं अवघड. ज्या मुलाला आवरता आवरत नाही त्याच्याच हातात फोन सर्वांत आधी जातो, हे कोणतीही आई सांगेल. या वयात दिवसाला तासाभराहून जास्त नको, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाळावी. फोन कमी केल्यावर महिन्या-दोन महिन्यांत मूल पालटलं तर उत्तम. नाही पालटलं तर "तुम्हीच फोन दिलात" हे पालुपद आळवत बसू नये.

आधी पालकांची शिकवणी

बरेच पालक डॉक्टरकडे जात नाहीत, कारण 'गोळ्या सुरू करतील' ही भीती. या वयात पहिला उपाय गोळी नाही. अमेरिकेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना आणि ब्रिटनच्या २०१८ च्या सूचना दोन्ही सांगतात की सहाच्या किंवा पाचच्या आतल्या मुलांसाठी आधी पालक-प्रशिक्षण. अमेरिकेत तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात (२००६) मिथाइलफेनिडेट या औषधाचा गुण मोठ्या मुलांपेक्षा कमी आला आणि भूक मंदावणं, चिडचिड असे त्रास जास्त झाले. औषध वर्ज्य नाही, पण ते नंतर, आणि तज्ज्ञाच्याच हातून.

'प्रशिक्षण आम्हाला? वेडं कोण, तो की आम्ही?' असं एक बाबा माझ्यासमोर म्हणाले होते. राग समजण्यासारखा आहे. पण सम सोडून पळणाऱ्या गवयाला ठेका पक्का धरणारा तबलजी लागतो, आणि त्यात तबलजीचा अपमान नसतो. शिकवतात ते साधं असतं, रोज करायला मात्र कठीण. स्वयंपाकघरातून ओरडायचं नाही. जवळ जायचं, खाली बसायचं, खांद्याला हात लावून एकच गोष्ट सांगायची. 'हात धू, खेळणी उचल, मग जेवायला ये' या वाक्यातली फक्त 'जेवायला ये' पोचते. काम झालं की तिथल्या तिथे कौतुक. संध्याकाळी बाबांना सांगून उपयोग नाही, तोवर मूल ते विसरलेलं असतं. बारीकसारीक वळवळीकडे काणाडोळा आणि धोक्याच्या दोन-तीन गोष्टींवर ठाम. रोज दहा मिनिटं त्याच्या मर्जीचा खेळ, त्यात एकही सूचना नाही. आणि फटके नाहीत, कारण फटक्याने मूल घाबरून थबकतं, आपण होऊन थांबायला शिकत नाही.

यासाठी निदानाच्या कागदाची वाट पाहावी लागत नाही. पुढे निदान झालं नाही तरी यातलं काही वाया जात नाही. त्रास लवकर ओळखावा आणि शिक्का उशिरा मारावा, असं मला वाटतं ते यामुळे. 'मोठा झाला की सुटेल' हेही सगळ्यांना लागू नाही: मिथाइलफेनिडेटच्या त्या २००६ च्या अभ्यासातली मुलं, ज्यांचा त्रास मध्यम ते तीव्र होता, सहा वर्षांनी पुन्हा तपासली तेव्हा दहांतल्या जवळपास नऊंना तो होताच.

जायचं कुठे?

आधी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. कान, रक्त, झोप, वाढ तिथे तपासून होईल. पुढे विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. खिशाला परवडत नसेल तर सरकारी वाट आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. त्याची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात आणि त्यांच्या यादीत एडीएचडीचं नाव आहे. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर, नावाचं केंद्र असतं. पथक येईल त्या दिवशी अंगणवाडी ताईंना आधीच सांगून ठेवा. रांगेत शंभर मुलं असतात आणि तुमचं मूल नेमकं त्या पाच मिनिटांत शहाण्यासारखं बसू शकतं. बोटांचे ठसे घेऊन मुलाचा मेंदू वाचून देणारी जी दुकानं निघाली आहेत, त्यांच्याकडे एक रुपयाही देऊ नका.

जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: झोपला किती वाजता, उठला किती वाजता, घोरला का, कुठे बिनसलं, त्याआधी काय झालं होतं. फोनमध्ये एखाद-दुसरी चित्रफीत. ताईंनी लिहिलेल्या चार ओळी. डॉक्टरांच्या खोलीत अनोळखी जागेमुळे मूल वीस मिनिटं गप्प बसलं तर ही वहीच बोलेल.

आणि डॉक्टर "सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा" म्हणाले तर त्यांनी टोलवलं असं समजू नका. या वयात मूल कसं बदलतं, हीच मोठी तपासणी असते. पुढची तारीख कॅलेंडरवर लिहा. मधल्या काळात शिवाजी म्हणतो खेळा, स्टॅच्यू खेळा, चिमणी उड खेळा. त्याने त्रास बरा होत नाही आणि ती चाचणीही नव्हे, पण थांबण्याचा सराव हसत-खेळत होतो. वाटलं तर वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून लिहीत जा: आज दहा वेळा सांगितलं, म्हैस कितीदा उडाली.